नियम मोफत, तरी पुस्तक विकत!

तळवली (नवी मुंबई), प्रतिनिधी

ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या तळवलीसारख्या गावठाणातल्या स्टेशनरीच्या दुकानातही सापशिडीचा पट हमखास मिळतो. या खेळाचे नियम कोणाच्याही मालकीचे नाहीत. मोक्षपटाच्या रूपाने ते पिढ्यान्पिढ्या चालत आले आहेत आणि शंभर चौकोन आखता येणाऱ्या कोणालाही घरच्या घरी असा पट करता येतो. तरीही मे महिन्याच्या सुट्टीत पालक तो विकतच आणतात. जी गोष्ट फुकट मिळू शकते तिच्यासाठी माणूस पैसे का मोजतो, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. मात्र गेली पंचवीस वर्षे जगातील खेळ-प्रकाशकांचा एक मोठा व्यवसाय याच प्रश्नाभोवती फिरत आहे. हा व्यवसाय म्हणजे 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम', अर्थात टेबलाभोवती बसून, भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचा. या खेळांचे नियम अनेक प्रकाशकांनी 'ओपन लायसन्स' म्हणजे मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले आहेत. अशा परवान्यामुळे खेळाडूचा खरेदीचा निर्णय बदलतो काय, याचे उत्तर शोधताना या व्यवसायातील काही घटना उपयोगी पडतात.

खेळ कसा, खरेदी कशाची?

चार-पाच जण एकत्र बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतात. ते साधले की फसले याचा निवाडा फासे करतात. यातील फासे चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे असतात. 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही २०१६ मध्ये सुरू झालेली मालिका पाहिलेल्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल. त्यातील मुले खेळतात तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातील आद्य खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला.

या खेळाला पट लागतोच असे नाही. लागतात ती नियमांची पुस्तके. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीची तीन मुख्य पुस्तके २०१४ मध्ये आली तेव्हा प्रत्येकाची छापील किंमत ४९.९५ डॉलर होती. त्या वेळच्या सुमारे ६० रुपयांच्या दराने एक पुस्तक तीन हजारांना आणि तिन्हींचा संच नऊ हजारांना पडत होता. अमेरिकेतील ग्राहकाला ही किंमत सोसवणारी असेल. घणसोली-तळवली पट्ट्यात भाड्याने खोली घेऊन राहणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मात्र ती महिन्याच्या खर्चाइतकी वाटू शकते. त्यामुळे मुक्त परवान्याचा प्रश्न इथल्या खेळाडूसाठी केवळ कायद्याचा उरत नाही, तो थेट खिशाशी येऊन भिडतो.

कायदा काय सांगतो?

येथे एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. खेळाची कल्पना आणि खेळण्याची पद्धत यांवर स्वामित्वहक्क नसतो. ज्या शब्दांत ते नियम मांडले, जी चित्रे काढली, जी पात्रे रंगवली, त्यांवर तो असतो. कल्पना आणि अभिव्यक्ती यांतील हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केला. 'हम हिंदुस्थानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांच्यातील तो वाद होता. खेळांच्या बाबतीत हाच प्रश्न २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंच्या 'स्क्रॅब्युलस' या संगणकीय खेळाविरुद्ध मॅटेल कंपनी न्यायालयात गेली होती. अंतरिम आदेशात न्यायालयाने स्क्रॅबलच्या पटावरील स्वामित्वहक्काचा दावा मान्य केला नाही. तथापि नावाच्या साधर्म्यामुळे व्यापारचिन्हाचा भंग होतो, हे म्हणणे ग्राह्य धरले. पुढे तो खेळ 'लेक्स्युलस' या नावाने चालू राहिला.

मग नियमांवर मुळातच हक्क नसेल, तर परवाना हवा कशाला? कारण भूमिका-खेळांत नियम आणि वर्णन एकमेकांत इतके मिसळलेले असतात की कल्पना कोठे संपते आणि अभिव्यक्ती कोठे सुरू होते हे सांगणे अवघड होते. शेकडो मंत्र, राक्षस, शस्त्रे यांची वर्णने नव्याने लिहिताना मूळ मजकुराची छाया पडणारच. छोट्या प्रकाशकाला न्यायालयाची पायरी परवडत नाही. मुक्त परवाना त्याला निर्धास्तपणा देतो. ठरावीक मजकूर घ्या, बदला, विका, ठरलेल्या अटी पाळा. तुमच्यावर दावा होणार नाही, एवढीच ती हमी.

फुकट वेगळे, मुक्त वेगळे

मराठीत आपण 'फ्री' हा शब्द दोन्ही अर्थांनी सर्रास वापरतो, त्यातून घोटाळा होतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. पण ती छापून विकण्याची किंवा त्यात फेरफार करून नवे पुस्तक काढण्याची मोकळीक त्यामुळे मिळत नाही, कारण हक्क मंडळाकडेच राहतात. हे झाले फुकट. याउलट 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या उपक्रमातील मुलांच्या गोष्टी 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली आहेत. त्या वाचता येतात, तसेच श्रेय देऊन त्यांचे भाषांतर करता येते, त्या छापता येतात. हे झाले मुक्त. मराठीतही तेथे अनेक गोष्टी उपलब्ध आहेत.

खरेदीवर परिणाम कोणाचा होतो, हे तपासताना हा फरक निर्णायक ठरतो. विनामूल्य प्रत खेळाडूच्या हाती थेट पडते. मुक्त परवान्याचा उपयोग मात्र प्रथम लेखक-प्रकाशकांना होतो आणि त्यांच्यामार्फत तो खेळाडूपर्यंत पोहोचतो.

पहिला प्रयोग : २०००

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची मूळ कंपनी टीएसआर अडचणीत आल्यावर १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. १९९९ मध्ये विझार्ड्स स्वतः हॅस्ब्रोच्या मालकीची झाली. २००० मध्ये खेळाची तिसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यासोबत 'ओपन गेम लायसन्स' आले. त्यामागे रायन डॅन्सी या अधिकाऱ्याचा पुढाकार होता आणि लिनक्ससारख्या मुक्त संगणकप्रणालींचा आदर्श होता.

यामागील हिशेब सरळ होता. एखादा खेळ निवडताना खेळाडू 'माझे मित्र काय खेळतात' हे आधी पाहतो. जितके अधिक लोक एकच नियमावली वापरतील तितके त्या नियमावलीच्या मूळ पुस्तकाचे मोल वाढते. साहसकथांची लहान पुस्तके काढणे मोठ्या कंपनीला फारसे किफायतशीर नसते. ती इतरांनी काढली, तर प्रत्येक पुस्तक मूळ नियमपुस्तकाची जाहिरातच करील. या योजनेत एक मेखही होती. 'डी२०' हे बोधचिन्ह पुस्तकावर छापायचे असेल, तर पात्र कसे घडवायचे याचे नियम त्या पुस्तकात देता येत नसत. म्हणजे इतर कोणाचेही पुस्तक घ्या, खेळायला बसण्यासाठी विझार्ड्सचे मुख्य पुस्तक हाताशी हवेच. परवाना खेळाडूला दिसत नव्हता, पण त्याची पावले दुकानातील कोणत्या कपाटाकडे वळावीत हे तो ठरवत होता.

या औदार्याची दुसरी बाजूही लवकरच दिसली. जो तो प्रकाशक झाला. बऱ्यावाईट पुस्तकांचा पूर आला. २००३ मध्ये नियमांची सुधारित आवृत्ती निघाली आणि जुन्या नियमांवर बेतलेली पुस्तके दुकानांत पडून राहिली. निवड फार वाढली की ग्राहक गोंधळतो आणि ओळखीच्या नावाकडे परततो, हा बाजाराचा जुना अनुभव येथेही आला.

दार बंद झाले तेव्हा

२००८ मध्ये चौथी आवृत्ती काढताना विझार्ड्सने जुना परवाना बाजूला ठेवून अधिक कडक अटींचा नवा परवाना आणला. पण २००० चा परवाना शाश्वत म्हणून दिलेला होता आणि जुने नियम त्याखाली खुलेच होते. या खेळाची नियतकालिके २००७ पर्यंत चालवणाऱ्या पायझो या कंपनीने त्या जुन्या नियमांवर सुधारणा करून २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा स्वतंत्र खेळ बाजारात आणला. त्याचे नियम तिने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आणि तरीही जाड, रंगीत, महाग पुस्तके विकून दाखवली. दुकानदार आणि वितरकांशी बोलून क्रमवारी लावणाऱ्या 'आयसीव्ही२' या व्यापारी नियतकालिकाच्या यादीत २०११ मध्ये पाथफाइंडर पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

हा मुक्त परवान्याचा विजय मानावा काय? अंशतःच. ज्यांनी पाथफाइंडर घेतला त्यांतील बहुतेकांना परवान्याचे कलम पाठ असण्याचे कारण नव्हते. त्यांना सवयीचे नियम हवे होते आणि घरातील जुनी पुस्तके रद्दीत जायला नको होती. परवान्याने एवढेच केले की, मूळ मालकाने जे विकणे थांबवले ते दुसऱ्या कोणाला कायदेशीरपणे विकता आले. ग्राहकाच्या इच्छेला परवान्याने जन्म दिला नाही, तिला दुकान मिळवून दिले.

परवाना नसतानाही खप

याच्या उलट उदाहरण २०१४ चे आहे. पाचवी आवृत्ती आली तेव्हा तिला मुक्त परवाना नव्हता. विझार्ड्सने प्राथमिक नियमांची एक पुस्तिका विनामूल्य उपलब्ध करून दिली होती, पण ती फक्त वाचण्या-खेळण्यापुरती. तरीही मुख्य पुस्तक प्रसिद्ध होताच अ‍ॅमेझॉनच्या खपाच्या यादीत अग्रस्थानी गेले. या आवृत्तीचे मूळ नियम 'ओपन गेम लायसन्स'खाली आले ते जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे यशाची पायाभरणी झाल्यानंतर. खेळ चांगला असेल, मित्रमंडळी खेळत असतील आणि चव घेण्यापुरते काही फुकट मिळत असेल, तर परवान्यावाचूनही पुस्तक विकले जाते, हे यावरून मान्य करावे लागते.

२०२३ चा भडका

असे असताना जानेवारी २०२३ मध्ये जे घडले ते अनेकांना अनपेक्षित होते. विझार्ड्सच्या नव्या परवान्याचा मसुदा ५ जानेवारीला फुटला. वर्षाला ७.५ लाख डॉलरहून अधिक उलाढाल असणाऱ्या प्रकाशकांना वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वशुल्क द्यावे लागेल आणि २००० चा परवाना यापुढे अधिकृत मानला जाणार नाही, असे त्यात होते. 'शाश्वत' हा शब्द जुन्या परवान्यात होता, 'अपरिवर्तनीय' हा शब्द नव्हता. त्या फटीतून कंपनी आत शिरू पाहत होती.

२५ टक्क्यांची झळ मूठभर प्रकाशकांना बसणार होती. पण संतापले ते सामान्य खेळाडू. कंपनीच्या 'डी अँड डी बियाँड' या सेवेची वर्गणी रद्द करण्याची मोहीम सुरू झाली. पायझोने अन्य प्रकाशकांना सोबत घेऊन 'ऑर्क' या नव्या मुक्त परवान्याची घोषणा केली. आपल्या मुख्य नियमपुस्तकाचा आठ महिन्यांचा साठा दोन आठवड्यांत संपल्याचेही पायझोने सांगितले. विझार्ड्सने सुधारित मसुद्यावर मते मागवली तेव्हा पंधरा हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली. त्यांतील ८९ टक्के जुना परवाना रद्द करण्याबाबत असमाधानी होते. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना कायम राहिला, शिवाय मूळ नियमांचा ग्रंथ 'क्रिएटिव्ह कॉमन्स'च्या, मागे घेता न येणाऱ्या परवान्याखाली खुला झाला.

या आकडेवारीला एक मर्यादा आहे. अशा पाहणीत आपणहून उत्तर द्यायला येतात ते आधीच कळवळ्याचे लोक. शनिवारी रात्री दोन तास खेळून घरी जाणारा खेळाडू त्यात क्वचितच असतो. शिवाय या वादळानंतरही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे बाजारातील प्रमुख स्थान गेले नाही, २०२४ मध्ये त्याची नवी पुस्तकेही निघाली. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. दिलेली मोकळीक परत घेणे ग्राहकाला विश्वासघातासारखे वाटते आणि त्या क्षणी तो परवाना पाहून खरेदीचा निर्णय घेतो. घरातील विजेसारखेच आहे हे. असते तेव्हा कोणी दखल घेत नाही, गेली की सगळे गॅलरीत येतात.

लहानांची वाट

मोठ्या कंपनीचे गणित छोट्या प्रकाशकाला लागू पडत नाही. त्याची खरी अडचण चोरी नव्हे, तर अनोळखीपणा ही असते. 'एक्लिप्स फेज' हा खेळ २००९ मध्ये निघाला तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अव्यापारी परवान्यासह. म्हणजे प्रत मित्राला देण्यास प्रकाशकाचीच मुभा. 'फेट कोअर' या खेळाने २०१३ मध्ये लोकवर्गणीतून १०,१०३ जणांकडून ४,३३,३६५ डॉलर उभे केले आणि त्याची संगणकीय प्रत 'वाटेल ती किंमत द्या' या तत्त्वावर ठेवली. 'आयर्नस्वॉर्न' हा २०१८ चा खेळ तर संगणकीय स्वरूपात पूर्णतः विनामूल्य आहे, छापील पुस्तक हवे असेल तर पैसे मोजावे लागतात.

'फुकट ते पौष्टिक' ही आपल्याकडील म्हण या व्यवहारात अर्धीच खरी ठरते. फुकट प्रत घेणारे पुष्कळ असतात आणि त्यातील बहुतेक ती उघडूनही पाहत नाहीत. पण जे खेळायला बसतात त्यांना चौथ्या-पाचव्या बैठकीत पाने चाळायला हाती पुस्तक हवेसे वाटते. विक्री होते ती येथे.

मराठी वाचकाला याचा अनुभव वेगळ्या मार्गाने आला आहे. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कोणालाही छापता येऊ लागली. अनेक प्रकाशकांनी ती छापली, महाजालावरही ती आली. पण पुस्तक विकत घेणे थांबले नाही. वाचक टाइप, कागद, बांधणी आणि किंमत पाहून प्रत निवडतो. हक्क कोणाकडे होता आणि तो केव्हा संपला, याची चौकशी ग्राहक दुकानात करीत नाही. अर्थात येथे हक्क मुदत संपल्याने सुटला, तर मुक्त परवान्यात जिवंत मालक तो स्वखुशीने देतो. ग्राहकाच्या बाजूने मात्र चित्र बरेचसे सारखे दिसते.

इथल्या खेळाडूला काय मिळते?

समजा, तळवलीतील चार मित्रांना हा खेळ करून पाहायचा आहे. पूर्वी त्यांच्यापुढे दोनच मार्ग होते. हजारो रुपये खर्चून परदेशी पुस्तके मागवणे किंवा कोणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली चोरीची प्रत वापरणे. मुक्त परवान्याने तिसरा मार्ग उघडला. मूळ नियमांचा ग्रंथ कायदेशीरपणे उतरवून घ्यायचा, हवी तेवढी पाने झेरॉक्सच्या दुकानातून काढायची आणि बहुबाजूंच्या फाशांऐवजी मोबाइलवरचे फासे टाकायचे. म्हणजे येथे परवाना 'घ्यायचे की नाही' यापेक्षा 'केव्हा घ्यायचे' हे ठरवतो. खेळ जमला, तर चौघांत मिळून एक पुस्तक घेतले जाते. बहुधा सूत्रधार घेतो. खेळ जमला नाही, तर नुकसान झेरॉक्सपुरते. चाखून मग घेण्याची ही सोय किमतीमुळे बिचकणाऱ्या ग्राहकासाठी, किंबहुना त्याच्यासाठीच, सर्वांत मोलाची आहे.

दुसरा लाभ भाषेचा आहे आणि तो दूरगामी आहे. भाषांतराचा हक्क एरवी मूळ लेखकाकडे असतो. २०२३ मध्ये खुले झालेले नियम मात्र श्रेय देऊन कोणालाही कोणत्याही भाषेत आणता येतात, विकताही येतात. विझार्ड्सने स्वतः फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतील नियम खुले केले. मराठी त्यात नाही, पण मराठीला त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. ज्या किनारपट्टीवर वेताळ, मुंज्या, खवीस आणि हडळ यांच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात, तेथे युरोपीय ड्रॅगनवाचून साहसकथा अडायचे कारण नाही. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावातील अशी एखादी कथा शंभर पानांत छापून दोनशे रुपयांना विकणे आज कायद्याने शक्य आहे आणि त्यातून मिळणारा पैसा लिहिणाऱ्याचाच राहील. तीन हजारांच्या इंग्रजी पुस्तकाकडे पाठ फिरवणारा ग्राहक त्या दोनशे रुपयांच्या पुस्तकाचा विचार निश्चित करू शकतो.

असे करू इच्छिणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. परवाना मागे घेता येणारा आहे की अपरिवर्तनीय? व्यापारी वापराला मुभा आहे की नाही? आणि परवाना मजकुराचा आहे की नावाचाही? नियम खुले असले तरी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव आणि बोधचिन्ह आपल्या मुखपृष्ठावर छापण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. स्क्रॅब्युलसचा खटला नावावरच अडला होता, हे विसरता कामा नये.

एकूण पाहता, दुकानात उभ्या असलेल्या खेळाडूचा हात परवाना पाहून खिशाकडे जात नाही. तो जातो मित्रांमुळे, पुस्तकाच्या देखणेपणामुळे आणि किमतीचा हिशेब जुळल्यामुळे. परवाना त्याआधीच आपले काम करून गेलेला असतो. कोणती पुस्तके निघतील, कोण काढील, किती किमतीला आणि कोणत्या भाषेत, हे तो ठरवतो. मराठीपुरते बोलायचे, तर विकत घ्यावे की नाही हा प्रश्न अजून पुढचा आहे. विकत घेण्याजोगे मराठी पुस्तक लिहिण्यावाचून कायद्याने कोणाला अडवलेले नाही, आता ते कोणीतरी लिहायला हवे.